वाचक विचारतात : पाठवलेला माणूस अंथरुणाला खिळतो तेव्हा

नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीने आपल्यातलेच एक दांपत्य सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सेवेसाठी पाठवले होते. त्यांतल्या पतीला (मंडळीत त्यांना "भाऊ" म्हणतात) ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि मुंबईत केमोथेरपी सुरू झाली. मंडळीचे सचिव, महिला मंडळ, तरुण संघ आणि त्यांना ओळखणारे बाहेरगावचे वाचक यांची पत्रे एकापाठोपाठ आली. ओळख पटेल असे तपशील काढून त्यांतले प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे पाळकीय सेवेतल्या आणि रुग्णालयातल्या अशा दोन्ही हातांनी लिहिली आहेत.

प्रश्न : निदान कळले त्याच रविवारी आम्ही चोवीस तासांची प्रार्थना साखळी सुरू केली. पहिल्या दिवशी सगळे अर्धे तास भरले. पाचव्या दिवशी अठ्ठेचाळीसपैकी एकोणीसच भरले. लोकांचा विश्वास कमी पडतोय का? (मंडळीचे सचिव)

विश्वास नव्हे, हिशेब कमी पडला. अर्ध्या तासाचे दिवसाला ४८ भाग, म्हणजे आठवड्याचे ३३६. नियमित येणारी प्रौढ माणसे सत्तर आहेत असे तुम्ही लिहिता. मग प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून जवळजवळ पाच वेळा बसणे आले, तेही बऱ्याचदा रात्री दोन-तीन वाजता. नोकरी, शेती, लहान मुले सांभाळून हे कोणालाच झेपणार नाही. आणि हा आजार पाच-सहा महिन्यांच्या उपचारांचा आहे. पहिल्याच आठवड्यात दमलेली मंडळी तिसऱ्या महिन्यात गप्प होते, आणि तेव्हाच तिची गरज जास्त असते.

साखळी आठवड्यातून एकदाच ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी सहा ते शनिवारी संध्याकाळी सहा. रात्री अकरा ते पहाटे पाच या बारा भागांना दोघे-दोघे द्या, कारण एकटा माणूस बसल्या जागी झोपतो. त्याला चोवीस जण लागतील. उरलेल्या ३६ भागांना एकेक माणूस पुरतो. एकूण साठ. तुमच्याकडे दहा जण राखीव राहतात. कोणी आजारी पडले, कोणाकडे पाहुणे आले, तर त्यांना बोलवा. आपला अर्धा तास संपला की पुढच्याला मिस्ड कॉल द्यायचा आणि त्याने उलट मिस्ड कॉल द्यायचा. उत्तर आले नाही तर राखीव यादीतल्या पहिल्या नावाला फोन. ही जबाबदारी त्या रात्रीपुरती एकाच माणसावर असू द्या. गटात "कोण आहे का?" असे विचारत बसलात तर कोणीच उठत नाही.

तुमच्या मंडळीतली काही कुटुंबे न्यू जर्सी आणि टोरांटोत आहेत. त्यांना मध्यरात्रीनंतरचे भाग द्या. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे दुपारचे साडेतीन किंवा, उन्हाळ्यात, साडेचार वाजलेले असतात. दुबईच्या लोकांचा यात उपयोग नाही. आपल्यात आणि त्यांच्यात दीड तासाचेच अंतर.

बाकीच्या सहा दिवशी तीन वेळा ठरवा : सकाळी सहा, दुपारी एक, रात्री नऊ. असाल तिथे पाच मिनिटे. एवढे सहा महिने टिकते. १७२७ साली जर्मनीतल्या हेर्नहुट गावच्या मोरावियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी अखंड प्रार्थना सुरू केली, तेव्हाही आधी २४ पुरुष आणि २४ बहिणींनी एकेक तास वाटून घेतला होता. त्यांची प्रार्थना टिकली त्यात या वाटणीचा मोठा हात होता, असे आम्ही मानतो.

प्रश्न : आम्ही बसतो, "प्रभू, भावांना बरे कर" म्हणतो आणि पाच मिनिटांत शब्द संपतात. मग तेच तेच. अर्धा तास काय मागायचे? (महिला मंडळाच्या अध्यक्षा)

ताई, आजार कसा पुढे सरकतो हे कळले की मागणे आपोआप नेमके होते. या आजाराचा पहिला टप्पा साधारण महिन्याचा असतो, आणि त्या महिन्यात चार वेगवेगळे आठवडे असतात.

पहिले सात दिवस औषध शिरेतून जाते. बहुतेक ठिकाणी एक औषध सात दिवस आणि दुसरे पहिले तीन दिवस देतात. त्या दुसऱ्या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी इको काढतात. कर्कपेशी एकदम फुटल्या की मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हणून सलाइन भरपूर देतात. या आठवड्यात हृदय, मूत्रपिंडे, छातीत घातलेली नळी स्वच्छ राहणे आणि उलट्या यांसाठी मागा.

आठव्या दिवसापासून साधारण एकविसाव्यापर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा. आणि दुःखाची गोष्ट ही की याच काळात मंडळीची प्रार्थना थंडावते, कारण सगळ्यांना वाटते, केमो तर झाली. खरे म्हणजे औषध थांबले तरी हाडांतल्या मज्जेतून रक्ताच्या नव्या पेशी अजून आलेल्या नसतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली जातात आणि एरवी निरुपद्रवी असलेला जंतू जिवावर उठतो. ताप १००.४ अंश फॅरनहाइटला गेला तरी ती आणीबाणी, आणि अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावे लागते. प्लेटलेट १०,००० च्या खाली गेल्या तर आपोआप रक्तस्राव होण्याची भीती, मेंदूतसुद्धा. तोंडात फोड येतात, पाणी गिळवत नाही. तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरने ताप वेळेवर बघावा, प्रत्येक हात धुतलेला असावा, रक्तपेढीत प्लेटलेट मिळाव्यात, फुप्फुसात बुरशी शिरू नये, भावांना घोटभर पाणी उतरावे, असे एकेक मागा. ही छोटी मागणी नाही. जीव या गोष्टींवरच लटकलेला असतो.

अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास अस्थिमज्जेची तपासणी होते. कर्कपेशी ५ टक्क्यांच्या खाली असतील आणि रक्ताच्या इतर पेशी सावरल्या असतील तर रोग "रेमिशन"मध्ये आहे म्हणतात. उपकारस्तुती जरूर करा, पण "बरे झाले" अशी घोषणा करू नका. त्यानंतर केमोच्या आणखी तीन-चार फेऱ्या किंवा मज्जारोपण असते. दर फेरीत पेशी पुन्हा खाली जातात.

आणि भावांच्या पलीकडे बघा. त्यांच्या पत्नी वॉर्डाबाहेर बाकावर झोपतात. औषधांची चिठ्ठी, बिलाची रांग, जेवणाचा डबा, सगळे त्यांच्या एकट्यावर. मुलगी वसतिगृहात दहावीला आहे, तिला वर्गात बसून काय वाटत असेल? आणि ते गाव. तिथे रविवारी वचन कोण वाचतो, भावांच्या दुचाकीवरून दवाखान्यात जाणाऱ्या बाळंतिणी आता कशा जातात? महिला मंडळातल्या एकीने दर सोमवारी अर्ध्या पानावर चार ओळी लिहाव्यात : भाऊ, पत्नी, मुले, गाव. आठवड्याने कागद बदला.

स्वतःचे शब्द संपले तर स्तोत्रे मोठ्याने वाचा. ६, १३, ४१ आणि ८८. अठ्ठ्याऐंशीवे अंधारातच संपते, म्हणून अनेक जण ते टाळतात. आजाऱ्यासाठी वाचताना ते टाळू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे वडीलजनांनी, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांनी, जाऊन भावांना तेल लावून प्रार्थना करायचे ठरवले आहे. आठ जण निघालो आहोत. काही काळजी घ्यावी का?

आठ नको, दोन. आणि आधी एक गोष्ट नीट वाचा : तिथे आजाऱ्याने वडिलांना बोलवावे असे म्हटले आहे. भावांनी बोलावले आहे का? नसेल तर पत्नीमार्फत विचारा. नकार आला तर तो आजचा नकार समजा. वाईट वाटून घेऊ नका.

जाण्यापूर्वी वॉर्डाच्या सिस्टरांना विचारा की पेशी कशा आहेत आणि भेट चालेल का. सर्दी, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ असलेल्या माणसाने अजिबात जाऊ नये. घरात कोणाला कांजिण्या असतील तरीही नाही. फुले, फळांची टोपली, हार नेऊ नका. फुलदाणीच्या पाण्यात आणि मातीत जंतू असतात.

तेल ऑलिव्हचेच हवे असा नियम नाही, पण मंदिरात कित्येक महिने उघडलेली बाटली नेऊ नका. नवी, लहान, बंद बाटली घ्या. मास्क घाला. हात कोपरापर्यंत धुऊन वर सॅनिटायझर लावा. मनगटावर घड्याळ, दोरा नको. बोटाच्या टोकाला लागेल एवढे एक थेंब तेल कपाळावर पुरते. छातीतल्या नळीच्या पट्टीजवळ किंवा ईसीजीच्या चकत्यांजवळ तेल लागले तर चिकटपट्टी सुटते आणि नळीत जंतू शिरायला वाट मिळते. ऑक्सिजन चालू असेल तर चेहऱ्यावर तेल लावू नका. तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की आगीचा धोका असतो. अशा वेळी सुई नसलेल्या हाताच्या पाठीवर लावा. मेणबत्ती तर मुळीच नाही. हात ठेवताना भार टाकू नका. प्लेटलेट कमी असतात तेव्हा दाबानेही काळे-निळे वण उठतात.

प्रभुभोजन देणार असाल तर भाकरीचा नखाएवढा तुकडा रसात भिजवून, वेगळ्या छोट्या पेल्यातून द्या. तोंड फोडांनी भरलेले असेल तर द्राक्षरस झोंबतो. तेव्हा भावांना ओठ ओले करण्यापुरतेच हवे असेल तर तेवढेच. दहा मिनिटांत बाहेर या. मोठ्या आवाजात गाऊ नका, शेजारच्या खाटेवरही माणूस आहे.

वसईच्या एका वाचकाने विचारले आहे की तैलाभ्यंग म्हणजे "शेवटचे", मरणाआधीचे ना? कॅथलिक मंडळीत तसे समजण्याची सवय जुनी आहे. पण १९७२ च्या सुधारित विधीपासून हा संस्कार गंभीर आजार सुरू होताच घेता येतो आणि प्रकृती ढासळली तर पुन्हा घेता येतो. त्यासाठी मात्र फादरांनाच बोलवावे लागते.

प्रश्न : तरुण संघातले चाळीस जण एकाच दिवशी रक्तदान करायला मुंबईला जाणार आहेत. बस ठरवू का?

नका ठरवू. प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात. चाळीस जणांनी एकदम दिल्या तर आठवड्याने, ऐन गरजेच्या दिवशी, हात रिकामे. आधी रक्तपेढीला विचारा की भावांसाठी काय हवे आहे. बहुधा एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेट, म्हणजे एसडीपी, लागतील. त्यासाठी दोन्ही हातांच्या शिरा चांगल्या हव्यात, एक ते दोन तास लागतात, वजन साधारण ५० किलोंच्या वर हवे, आणि तीन दिवस आधीपासून ॲस्पिरिन घेतलेली नसावी. हा दाता ४८ तासांनंतर पुन्हा देऊ शकतो, आठवड्यातून जास्तीत जास्त दोनदा. नेहमीचे रक्तदान मात्र पुरुषांनी ९० दिवसांनी आणि महिलांनी १२० दिवसांनीच करायचे. हिमोग्लोबिन १२.५ हवे.

म्हणून मुंबई, ठाणे, पनवेल इथे राहणाऱ्या तरुणांची यादी करा, रक्तगट लिहा, आणि आठव्या ते एकविसाव्या दिवसात रोज दोघे हाकेच्या अंतरावर राहतील असे दिवस वाटा. नगरहून येणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या रक्तपेढीत रक्त द्यावे, ते कोणाला तरी लागतेच. भावांच्या सख्ख्या भावा-बहिणींनी देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पुढे मज्जारोपण ठरले तर तेच दाते असू शकतात, शिवाय जवळच्या नात्यातले रक्त किरणोत्सर्गाने प्रक्रिया करूनच द्यावे लागते.

प्रश्न : मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. तीन दिवसांच्या उपास-प्रार्थनेत बसू का?

अन्नाचा उपास करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन पोट रिकामे ठेवले तर साखर ७० च्या खाली येते. घाम, थरथर, मग बेशुद्धी. तसे वाटलेच तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी साखर मोजा. तीन दिवस टीव्ही किंवा फोन सोडा, त्या वेळेत बसा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही हेच सांगा, आणि हे पाळकांनी व्यासपीठावरून सांगावे. म्हणजे न जेवणाऱ्यांपुढे जेवणाऱ्याला लाज वाटणार नाही.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सॲप गटात रोज रिपोर्टचे फोटो येतात. कोणीतरी ते दुसऱ्या गटात टाकले, आणि "भाऊ गेले" अशी बातमी पसरली. पत्नीला सांत्वनाचे फोन आले.

फार वाईट झाले. रिपोर्टवर नाव, वय, नोंदणी क्रमांक असतो. तो माणसाचा खाजगी कागद आहे. आजच सगळे फोटो काढून टाकायला सांगा.

पुढची पद्धत अशी ठेवा. पत्नीने निवडलेल्या एकाच माणसाने लिहायचे, आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी. काय लिहायचे हे आधी पत्नीला, आणि शुद्धीत असतील तर भावांना, वाचून दाखवायचे. सेवेच्या गावाचे नाव, तिथल्या मुलांची छायाचित्रे, विश्वासणाऱ्यांची नावे लिहू नका. परिस्थिती नाजूक असते, आणि त्रास तुम्हाला नाही, गावातल्या माणसांना होतो. उत्तरादाखल शंभर "आमेन" नकोत, गटात फक्त ॲडमिनला लिहिता येईल असे करा.

१८२६ च्या मार्चमध्ये अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी गॉर्डन हॉल नाशिकच्या बाजूला प्रवासात पटकीने वारले. बातमी जहाजाने अमेरिकेत पोहोचेपर्यंत तिकडच्या मंडळ्या त्यांच्यासाठी प्रार्थना करतच राहिल्या. आज उशीर नाही, पण घाई आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला पौलाचा सहकारी एपफ्रदीत बघा : तो मरणाला टेकला होता, आणि आपल्या आजाराचे मंडळीने ऐकले याचाच त्याला घोर लागला होता. आजाऱ्याला बातम्यांचा भार होतो.

प्रश्न : एका बाहेरच्या प्रार्थना सभेत सांगितले गेले की भाऊ बरे झालेत, केमो चालू ठेवणे म्हणजे अविश्वास. काही नातेवाईक त्यांना घरी आणू म्हणतात.

आणू देऊ नका. केमो मध्येच सोडली तर हा कर्करोग काही आठवड्यांत परत उसळतो. यात शंकेला जागा नाही. प्रेषित पौलाने आपला सहकारी त्रफिम याला मिलेत गावी आजारी सोडले, हे त्यानेच आपला शिष्य तीमथ्य याला लिहिले. तीमथ्याला पोटासाठी काय घ्यावे तेही सांगितले. हिज्कीया राजाला देवाने पंधरा वर्षे वाढवून दिली तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांची ढेप बांधायला लावली. देवाने खरोखर बरे केले असेल तर मज्जेच्या तपासणीत ते दिसेल, आणि औषध थांबवायचे की नाही ते डॉक्टर सांगतील. पाळकसाहेबांनी नातेवाइकांना घेऊन डॉक्टरांसमोर बसावे, शक्यतो याच आठवड्यात. आणि "घरात काही पाप असेल" असे जे कोणी पत्नीला म्हणाले, त्यांना वडीलजनांनी ताबडतोब थांबवावे.

प्रश्न : परदेशातले लोक मदत पाठवू इच्छितात. मंडळीच्या खात्यात घेऊ?

मंडळीची परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी नसेल तर परकीय नागरिकाचा एक रुपयाही घेऊ नका. नोंदणी असली तरी पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत त्यासाठी उघडलेल्या खात्यातच घेता येतात, आणि ज्या कामासाठी नोंदणी आहे त्यालाच वापरता येतात. मात्र भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतो ते परकीय योगदान धरले जात नाही. ओसीआय कार्डधारकाचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे, धरले जाते. देणाऱ्याचा पासपोर्ट कोणता, हे आधी विचारा. पात्र देणगीदारांनी रुग्णालयातल्या रुग्णखात्यात थेट भरावे हे सर्वांत सोपे. पावती पत्नीकडे.

त्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्यांना, भेटून शासकीय योजनेत उपचार बसतात का ते बघा. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीच्या असतात, त्यासाठी समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. हे कागद गोळा करायला एका माणसाला पूर्ण दिवस द्या.

प्रश्न : हे पत्र दुसऱ्या मंडळीचे. आमच्या मिशनरी ताईंचा आजार परत उलटला. डॉक्टर म्हणतात आता उपाय नाही. बरे करण्याची प्रार्थना थांबवायची का?

ताईंना विचारा. त्या अजून बरे होण्यासाठी मागत असतील तर तुम्हीही मागा. त्या थकल्या असतील, जायला तयार असतील, तर त्यांच्यावर लढण्याची जबरदस्ती नको. दोन्ही प्रार्थना एका खाटेजवळ बसून करता येतात. वधस्तंभाआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने दोन्ही केल्या.

आता नेमके मागायचे ते असे : वेदना आटोक्यात राहाव्यात, श्वास अडकू नये, रात्री झोप लागावी. मॉर्फिन सुरू केले तर घाबरू नका आणि "सवय लागेल" म्हणून अडवू नका. डॉक्टरांच्या मात्रेत ते वेदना आणि धाप दोन्ही कमी करते. त्याने बद्धकोष्ठ होते, म्हणून सोबत रेचक हवे, ते दिले आहे का ते विचारा. ताई बोलेनाशा झाल्या तरी ऐकू येत असेल असे धरून बोला. स्तोत्र २३ हळू वाचा. कानाशी त्यांच्या गावातल्या लोकांचे आवाज लावा. त्या भिली बोलीत गात असतील तर भिलीतलीच गाणी.

आणि यजमानांशी आत्ताच बोलून घ्या : पुरायचे कुठे, आपल्या गावी की सेवेच्या गावी? गावात दफनाची जागा आणि परवानगी आहे का? मुलांची जूनची फी कोण भरणार? मिशनने दिलेले घर किती दिवस राहायला मिळेल? तुमच्या मंडळीतले एक जोडपे पहिला महिना त्यांच्याजवळ राहील का? नावे आत्ता ठरवा, आणि ती ताईंना सांगा.